मेडशीच्या शिवारातली शिटी

संपादकांचा फोन आला, "गावंडेसाहेब, बॉम्ब पथकातला एखादा थरारक अनुभव द्या." थरार म्हटल्यावर मला हसूच आलं. अहो, बॉम्ब शोधक व नाशक पथकात माझी निम्म्याहून जास्त नोकरी गेली, आणि त्यातला बराचसा काळ मी मंडपातल्या खुर्च्या उलट्या करून पाहण्यात घालवला. कुणी मोठा माणूस येणार म्हटलं की त्याच्या कितीतरी आधी आम्ही हजर. स्टेज खालून पाहा, हार चाचपा, शाल-श्रीफळाचं ताट पाहा, हेलिकॉप्टर उतरणार तिथलं गवतसुद्धा पाहा. मग साहेबांना "ओके" सांगायचं आणि मंडपामागं जाऊन भजी खायची. घरी बायको विचारायची, आज काय केलं? काही नाही. काही सापडलं? काही नाही. मास्तराला शिकवलेली पोरं दाखवता येतात, गवंड्याला बांधलेली भिंत दाखवता येते. आम्ही काय दाखवणार, न फुटलेला मंडप?

त्यात आमच्या वाशीम जिल्ह्यात बेवारस वस्तू ओळखणं म्हणजे डोक्याला ताप. कारण आमच्याकडे एसटीत आधी माणूस चढत नाही, त्याची वस्तू चढते. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाती लागेल ते सीटवर फेकायचं आणि मग सावकाश पान खाऊन दारातून यायचं. एकदा वाशीमच्या स्टँडवर कामरगावकडे जाणाऱ्या गाडीत एक फुगलेली पिशवी सापडली. मालक नाही. कंडक्टर घाबरला, गाडी रिकामी केली, आम्हाला बोलावलं. आमचा माणूस तो जाडजूड संरक्षक सूट घालून गाडीत चढला, पिशवीजवळ गेला, तेवढ्यात एक म्हातारा दोरी ओलांडून हातात कचोरी घेऊन धावत आला. "ओ साहेब, थे माही सीट हाये! मी पिशवी टाकेल हाये! तिथं बसू नोका!"

आतून सूटवाला ओरडला, "बाबा, मले ह्या कपड्यात बसताच येत नाई. तुमीच बसा."

तो सूटवाला म्हणजे हवालदार संघपाल इंगळे. ज्याच्याबद्दल लिहायचं म्हणून मी इतका वेळ खुर्च्या आणि पिशव्यांत घोळ घालतोय, तो हाच.

संघपाल माझ्याच बॅचचा. उंच, काळासावळा, दात थोडे पुढं, बोलायला एकदम सरळ. पथकात आला तो श्वान हस्तक म्हणून. राणी नावाची आमची कुत्री त्याच्या ताब्यात होती. राणी म्हातारी होऊन गेली, त्यानंतर त्यानं दुसरं कुत्रं घेतलं नाही. साहेब विचारायला लागले तर म्हणाला, "एक बायको, एक कुत्री. बस झालं." मग बॉम्ब निकामी करण्याचं प्रशिक्षण घेऊन आला आणि पुढं जाणारा माणूस झाला. माणसाला भीती असते ना, ती त्याच्यात कमी होती असं मी म्हणणार नाही. कामावर जायच्या आधी तो फार बोलायचा, फालतू विनोद करायचा, आणि मला त्यावरून कळायचं की गडी आतून टरकला आहे.

एकदा एका सरकारी कचेरीच्या कंपाउंडवर स्टीलचा डबा सापडला. गर्दी जमली. आम्ही सगळ्यांना मागं हटवलं. संघपालनं जाऊन बघितलं, तर आत लिंबू, कुंकू आणि काळी बाहुली. कुणीतरी कुणावर तरी करणी केलेली. त्यानं हात वर करून सांगितलं, "बॉम्ब नाई, लिंबू हाये!" तर गर्दी, जी बॉम्ब म्हटल्यावर पुढं पुढं सरकत होती, ती लिंबू म्हटल्यावर पार रस्त्यापलीकडं पळाली. शिपाई फाटकातून आत यायला तयार होईनात. संघपाल मला म्हणाला, "गावंड्या, आपन उगाच खर्च करून राह्यलो. उद्यापासून सूट नोको, एक लिंबू दे मले."

आता धंद्याची एक गोष्ट सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात नियम असतो की वस्तूजवळ एकच माणूस जातो. दुसरा मागं ठरलेल्या जागी थांबतो, बघतो, आणि पुढच्याला काहीही झालं तरी लगेच धावत जात नाही. दोघं गेले तर दोघं जातात, एवढा साधा हिशोब. बाहेरच्यांना हे फार निर्दयी वाटतं. पण मागच्या माणसाचं कामच बघणं असतं. संघपाल पुढं आणि मी मागं, अशी आमची जोडी होती. म्हणजे माझी नोकरी या माणसाच्या पाठीकडं बघण्यात गेली म्हणा ना.

तर मेडशी. सोयाबीन सोंगणीचे, म्हणजे कापणीचे दिवस. रानडुकरं पिकात शिरतात, आणि मांसासाठी त्यांना मारणारी काही मंडळी शिवारात गावठी गोळे ठेवून जातात. वरून चरबी माखलेले, फडक्यात गुंडाळलेले. डुकरानं चावलं की फुटतात. पण तो गोळा काय फक्त डुकराची वाट पाहत नाही. बैल आहे, पोर आहे, कुणाचाही पाय पडू शकतो. एका शेतकऱ्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असा एक गोळा दिसला आणि त्यानं शहाणपणानं हात न लावता पोलिसांना कळवलं. आम्ही वाशीमहून निघालो. मी, संघपाल आणि आमचे ड्रायव्हर रफिकभाई.

शेतात सोंगणीला आलेल्या बायका होत्या. त्यांना पार दुसऱ्या टोकाला पळसाखाली बसवलं. त्यांची मुकादम सुशीलाबाई म्हणून होती, ती कुरकुरली, "साहेब, बसल्याची मजुरी कोन देईन?" संघपाल म्हणाला, "माय, तुमी भाकरी खाऊन घ्या, तवरिक झालंच समजा." आणि खरंच झालं. त्यानं तो गोळा नीट निकामी केला, परत आला, सूट काढला. अंगावरून घामाच्या धारा लागलेल्या. सूट काढला हे लक्षात ठेवा, कारण नंतर सगळ्यांनी तेच विचारलं, सूट का काढला? अहो, काम संपलं म्हणून काढला. घरी आल्यावर चप्पल का काढली असं कुणी विचारतं का?

तेवढ्यात शेजारच्या तुरीतून एक कुत्रं बाहेर आलं. गावातलंच, तांबडं, शेपटी हलवत. तोंडात एक पुरचुंडी. फडकं तेच, लालसर, आत्ता निकामी केलेल्या गोळ्याचं होतं तसलंच. गोळे ठेवणाऱ्यानं उरलेले बांधून तुरीत दडवले असावेत, आणि चरबीच्या वासानं ह्यानं ते उकरून काढले. आणि कुत्रं निघालं सरळ पळसाखाली, भाकऱ्या सोडून बसलेल्या बायकांकडं. कुत्र्याची जात, तोंडात काही मऊ सापडलं की खेळताना झटकतं. त्यानं एकदा झटकलं असतं तर बायकांच्या मधोमध सगळं आटोपलं असतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. संघपालनं माझं मनगट धरलं. "बायकाईले उठवू नको. पयाल्या त कुत्रं मागं लागते, त्याले वाटते खेळून राह्यल्या. तू इथंच थांब." एवढं बोलून तो चार ढांगा बाजूला गेला आणि त्यानं शिटी वाजवली. राणीला बोलवायचा तशी, दोन बोटं तोंडात घालून, दोनदा.

कुत्रं थांबलं. वळलं. आणि त्याच्याकडं यायला लागलं.

संघपाल मागं मागं चालू लागला, धुऱ्याधुऱ्यानं, नाल्याच्या दिशेनं. शिटी वाजवत. कुत्रं खुशीत त्याच्या मागं. बायकांपासून लांब, आमच्यापासून लांब. मी नियमाप्रमाणं जागेवर. रफिकभाई गाडीजवळ हात जोडून उभे. नाल्याच्या काठाशी पोचल्यावर त्याला उडी मारून खाली आडोसा घेता आला असता. हे मी तिथं नंतर जाऊन जाऊन पाहिलं आहे. पण तो नाल्यात उतरला नाही. तो उकिडवा बसला, उजवा हात पुढं केला, तळवा वर, आणि शिवार इतकं शांत होतं की लांबून मला ऐकू आलं, तो म्हणाला, "दे."

आमच्या पथकातली तपासणी करणारी कुत्री काम झालं की बक्षीस म्हणून चेंडू खेळतात. तो चेंडू परत घ्यायचा तर हिसकायचा नसतो. असंच बसायचं, हात पुढं करायचा आणि "दे" म्हणायचं. राणी द्यायची. पण हे मेडशीचं गावकुत्रं होतं, त्याला कुणी शिकवलं होतं?

मी बघत होतो. कुत्रं त्याच्या हाताजवळ आलं. कुत्र्यानं मान हलवली. मग आवाज, माती, आणि मग काहीच नाही. बायकांपैकी एकीलाही खरचटलं नाही. सुशीलाबाईच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला होता.

त्यानंतर माझं डोकं जे गोंधळलं ते आजवर जागेवर आलं नाही. सरकारी मानवंदना झाली. मेडशीच्या लोकांनी एसटी थांब्याजवळ त्याच्या नावाचा दगड बसवला, दरवर्षी कार्यक्रम करतात, त्या बायका न चुकता येतात. भाषणांत "बलिदान" म्हणतात, "हुतात्मा" म्हणतात. आणि वाशीमच्या चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं, "अबे, कुत्र्यापायी गेला थो." मी त्या माणसाची कॉलर धरली होती. पण घरी येऊन रात्रभर विचार करत बसलो की आपण त्याला मारायला का निघालो? खोटं बोलला म्हणून की खरं बोलला म्हणून? आमच्याच खात्यातला एक जण हळूच म्हणाला होता, "गावंडे, हे बलिदान नाही, ही हस्तकाची सवय आहे. कुत्रं दिसलं, शिटी मारली. विसरला की हे राणी नाही." त्याचंही मला खोडून काढता येईना. शिटी वाजवणं सवय असेल. पण माझं मनगट धरून "तू इथंच थांब" म्हणणं? तो तर विचार होता. बायकांपासून लांब नेणं, तोही विचार. मग नाल्याच्या काठाशी "दे"? तिथं काय होतं? विचार नेमका कुठं संपला आणि सवय कुठं सुरू झाली? की उलटं? सांगा बुवा, मला तर कळत नाही.

एकट्या मलाच हे झालं असंही नाही. रफिकभाई आता त्यांची स्वतःची जीप चालवतात. डॅशबोर्डवर बिस्किटाचे पुडे. रस्त्यात कुत्रं दिसलं की गाडी थांबते, बिस्कीट पडतं, मग गाडी सुटते. गिऱ्हाइकं वैतागतात. कुणी म्हटलं, "चाचा, लग्न लागून जाईल," तर म्हणतात, "लग जाने दो." आणि पथकाच्या खोलीत अजूनही कुणी शिटी वाजवत नाही. नव्यांना वाटतं काहीतरी अपशकुन असेल. कुणी खुलासा करत नाही, कारण कुणालाच नीट करता येत नाही.

संघपालची बायको वंदनावहिनी मेडशीच्या कार्यक्रमाला कधीच येत नसत. वाशीमला राहतात, अंगणवाडी चालवतात, मुलगी करुणा शिकते आहे. मी घरी गेलो की चहा द्यायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, त्या दिवसाचं कधी नाही. मी यंदा निवृत्त झालो, आणि यंदा त्या मेडशीला आल्या. पांढरी साडी, हातात फुलं. बुद्धविहारात त्रिशरण झालं, जेवणं सुरू झाली, मांडवात लाऊडस्पीकरवाला "हॅलो, हॅलो" करत होता. वहिनींनी मला विहाराच्या ओट्यावर बोलावून घेतलं.

"भाऊजी, आता तुमी नोकरीत नाई. आता मले खरं सांगा. थो समजून गेला का सवयीनं गेला?"

मी म्हणालो, "वहिनी, असं कसं विचारता?"

"मंग कसं विचारू? समजून गेला असन त त्याले त्या बाया दिसल्या, अन् मी अन् करुणा नाई दिसलो. मंग मले त्याचा राग येते. फोटोले हार घालते अन् मनात भांडते त्याच्यासंगं. अन् सवयीनं गेला असन त मंग हे दगड, हे भाषणं, हे लोकं काय माही समजूत काढून राह्यले का? दोन्हीतलं कोनतं बी सांगा, भाऊजी. पन एक सांगा. मले एकाच गोष्टीचं दुःख करू द्या."

इतकी वर्षं मी स्वतःशी हाच वाद घालत होतो, पण माझा वाद म्हणजे रिकामपणचा उद्योग होता. या बाईचं त्याच्यावर सगळं अडलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, मला दोन्ही दिसलं. मनगट धरलं तेव्हा समजून होता. ‘दे’ म्हणाला तेव्हा... मला नाही माहीत. उडी मारली असती तर वाचला असता."

"उडी मारली असती त कुत्रं कुठी गेलं असतं?"

हे मला सुचलं नव्हतं अशातला भाग नाही. "परत फिरलं असतं बहुतेक. बायकांकडं."

"अन् ‘दे’ कसं म्हटलं? वरडून का हळू?"

"हळू. लेकराशी बोलतात तसं."

वहिनींनी मांडवाकडं पाठ केली. मग म्हणाल्या, "करुणा रांगत होती तवा तिच्या हाती विळा लागला. मी हिसकाले धावली, त मलेच वरडला. मने, हिसकशीन त ते मूठ घट्ट आवयीन. अन् बसला असाच तिच्यापुढं, हात करून. दे मने. लय वेळ बसला. अन् देल्ला तिनं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊजी, त्याले वाटे, नीट मांगलं त कोनी बी देते. थो मराले नोता बसला तिथं. थो मांगाले बसला होता. कुत्रं देईन अन् आपन घरी जाऊ, असंच वाटलं असन त्याले."

बलिदान आणि सवय या दोन खुंट्यांना बांधून मी स्वतःला नुसता फिरवत राहिलो होतो, आणि तो माणूस या दोन्हींत नव्हताच.

"पण वहिनी," मी म्हणालो, "कुत्र्यानं शेवटी झटका दिलाच ना."

"तुमाले दिसला झटका?"

"मान हलवली त्यानं. सगळे तेच म्हणतात, झटकलं असणार."

"सगळे नोते तिथं. तुमी होते. करून दाखवा मले."

"अहो, काय करून दाखवू?"

"त्या कुत्र्यानं काय केलं थे." आणि त्या ओट्यावर उकिडव्या बसल्या, उजवा हात पुढं, तळवा वर. "दे," म्हणाल्या.

आजूबाजूला पंगत चालू होती. मी निवृत्त फौजदार, केस पिकलेले. रुमाल काढला, चुरगाळून मुठीत धरला, आणि गुडघे टेकून त्यांच्यापुढं बसलो. माझी मूठ म्हणजे कुत्र्याचं तोंड. मी डोळे मिटले. धुरा, नाला, पाठमोरा नव्हे, माझ्याकडं तोंड करून बसलेला संघपाल, आणि कुत्र्याची पाठ. शेपटी हलत होती. मी मूठ त्यांच्या हाताजवळ नेली. मग कुत्र्यानं केलं तसं केलं. मान खाली गेली. आधी डावीकडं थोडी वळली आणि खाली गेली. सावकाश. माझी मूठ खाली गेली आणि उघडली. रुमाल ओट्याच्या फरशीवर पडला. वहिनींच्या हातापासून वीतभर अलीकडं.

मी डोळे उघडले. दोघंही त्या रुमालाकडं बघत राहिलो.

"हा झटका नोहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा मान तशीच खाली गेली, पुन्हा मूठ तशीच उघडली. दुसरं काही होईचना. नाल्याच्या त्या काठावर सगळा दगडच आहे, मी किती वेळा पाहिला आहे. कुत्र्यानं तोंडातली वस्तू दगडावर ठेवली होती, आणि दगड लागला म्हणून ती फुटली होती.

"देल्लं त्यानं," मी म्हणालो. "वहिनी, त्यानं देऊन टाकलं होतं."

मांडवातून माझं नाव पुकारलं गेलं, "आता हुतात्म्याचे सहकारी गावंडेसाहेब दोन शब्द बोलतील." मी उठलो नाही. वहिनींनी अजून हात मागं घेतला नव्हता.

"मंग त्या कुत्र्यानं ऐकलं त्याचं," त्या म्हणाल्या. "त्याचं सगळेच ऐकत, भाऊजी. मीच नाई ऐकत जाओ." आणि मग त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, सगळी पंगत वळून बघेपर्यंत.